आईच्या नावावर गाडी घेतली तर विमा स्वस्त पडतो का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही इंदूरच्या सुदामा नगरात राहता, शाळेत शिकवता. घरात नवीन पेट्रोल गाडी येते आहे, ११९७ सीसी, किंमत ८ लाखांच्या आसपास, कर्ज नाही. मुलगा १९ वर्षांचा, त्याचं पक्कं लायसन्स गेल्याच महिन्यात आलं. सासरे ७४ वर्षांचे, त्यांनी आपली जुनी गाडी मार्चमध्ये विकली. टेक्सासमधल्या तुमच्या भावाने सांगितलं की तरुण मुलाचं नाव आलं की विम्याचा प्रीमियम जवळजवळ दुप्पट होतो आणि बायकांना कमी पडतो. म्हणून गाडी तुमच्या नावावर घ्यायची असं घरात जवळपास ठरलंय. हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंत.

तुमचा भाऊ चुकीचं सांगत नाही, पण तो तिकडचं सांगतोय. तिथे विमा मुख्यतः चालवणाऱ्या माणसावर बेततात. घरात लायसन्सवाले किती, प्रत्येकाचं वय काय, गेल्या काही वर्षांत कोणी किती वेळा गाडी ठोकली, हे सगळं कंपनीला सांगावं लागतं. विशीच्या आतल्यांना सगळ्यांत जास्त, त्यातही मुलीपेक्षा मुलाला जास्त, आणि पंचविशी ओलांडली की आकडा उतरायला लागतो. त्यामागे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्ते अपघात हे आहे, आणि पुरुषांना मृत्यूचा धोका बायकांच्या सुमारे तिप्पट आहे. तरीही तिकडे सगळीकडे एकच नियम आहे असं नाही. युरोपीय न्यायालयाच्या २०११च्या निकालानंतर २१ डिसेंबर २०१२पासून युरोपीय संघात स्त्री-पुरुष असा फरक करून नवीन विमा विकायला बंदी झाली. कॅलिफोर्नियाने २०१९पासून तेच केलं. अमेरिकेतल्याच हवाई राज्यात तर वयही धरता येत नाही.

आपल्याकडे विमा गाडीवर बेततात. तुमच्या पॉलिसीत ‘ड्रायव्हर’ म्हणून एक कलम असतं, त्याचा अर्थ एवढाच की गाडी कोणीही चालवू शकतं, फक्त त्याच्याकडे त्या वेळी वैध लायसन्स हवं. तुमच्या मुलाचं नाव कंपनीला कळवायची गरज नाही आणि तो चालवणार म्हणून कोणी प्रीमियम वाढवणार नाही. गाडी तुमच्या नावावर असो, सासऱ्यांच्या किंवा मुलाच्या, चालवू शकणार तिघंही.

थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा भाग तर सरकारच ठरवतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६प्रमाणे तो सक्तीचा आहे. सध्याचे दर १ जून २०२२पासूनचे आहेत. १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. नवीन गाडीला तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, तुमच्या गाडीला तो १०,६४० रुपये पडेल. यात वयाचा रकाना नाही, स्त्री-पुरुषाचा नाही, इंदूर की मुंबई हासुद्धा नाही. इंजिन मोजायचं आणि दर लावायचा.

फरक पडू शकतो तो ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. १ जानेवारी २००७पासून हा भाग खुला झाला, म्हणजे दर कंपन्या स्वतः ठरवू लागल्या, त्यामुळे मालकाचं वय, व्यवसाय, काही ठिकाणी स्त्री की पुरुष हेसुद्धा कंपनी आपल्या सूट-हिशोबात धरू शकते. पण माझ्या टेबलावर आलेल्या कोटेशनांमध्ये केवळ बाईचं नाव म्हणून जो फरक पडलेला मी पाहिला, तो शे-दोनशे, फार तर पाचशे रुपयांचा. दुसऱ्या वर्षी तीच कंपनी ती सूट ठेवेल याचाही भरवसा नसतो. तुम्हाला खात्री करायची असेल तर एकाच गाडीची, एकाच आयडीव्हीची (म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीची) दोन कोटेशनं काढा, एक तुमच्या नावाने आणि एक मुलाच्या. आयडीव्ही सारखीच आहे ना हे बघाच, कारण ती कमी दाखवून ‘स्वस्त’ केलेली कोटेशनं मी रोज बघते.

नावाच्या या फरकापेक्षा कितीतरी मोठी रक्कम तुमच्या घरात सासऱ्यांच्या नावाने पडून आहे, आणि तुमच्या पूर्ण पत्रात तिचा एका शब्दाने उल्लेख नाही. एनसीबी, नो क्लेम बोनस. सासऱ्यांनी अनेक वर्षं क्लेम घेतला नाही असं तुम्ही फोनवर म्हणालात. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओडीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. पायऱ्या अशा: २०, २५, ३५, ४५, ५०. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली तरी तो मालकाकडेच राहतो, आणि कंपनीकडून पत्र घेऊन ठेवलं तर तीन वर्षांच्या आत त्याच माणसाच्या नावावर येणाऱ्या दुसऱ्या गाडीला लागतो. जिवंतपणी तो सुनेला, मुलाला, नातवाला देता येत नाही.

आता कागदावर मांडू. किंमत ८ लाख, नव्या गाडीला ५ टक्के वजा, म्हणजे आयडीव्ही ७,६०,००० रुपये. २००७च्या आधीच्या टॅरिफमध्ये, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बांधलेल्या दरपत्रकात, मुंबई, पुणे, अहमदाबाद धरून आठ मोठी शहरं ‘ए’ झोनमध्ये होती, बाकी सगळा देश ‘बी’ झोनमध्ये. इंदूर ‘बी’मध्ये. त्या झोनमध्ये तुमच्या सीसीच्या नव्या गाडीचा दर ३.१९१ टक्के, आणि माझ्याकडे येणारी बरीच कोटेशनं अजूनही त्याच आकड्यावरून सुरू होऊन खाली सूट देत जातात. ७,६०,०००वर ते झाले २४,२५२ रुपये. समजा कंपनीने ४० टक्के सूट दिली, तर उरले १४,५५१. तुमच्या नावावर गाडी घेतली तर एनसीबी शून्य, हे पूर्ण भरायचे. सासऱ्यांच्या नावावर घेतली तर निम्मे वाचले, ७,२७६ रुपये, आणि वर १८ टक्के जीएसटी धरला तर बचत साडेआठ हजारांच्या पुढे जाते. बाईच्या नावाच्या सुटीतून वाचणाऱ्या पाचशे रुपयांशेजारी हा आकडा ठेवून बघा.

म्हणजे वय आपल्याकडेही प्रीमियममध्ये येतं, पण ते जन्मतारखेतून येत नाही. वर्षानुवर्षं नीट गाडी चालवलेला माणूस सूट साठवून बसलेला असतो आणि १९ वर्षांच्या मुलाकडे ती नसते, एवढंच. मुलाचं वय खरं कधी कळतं? पहिल्या ठोकरीला. एक क्लेम घेतला की पुढच्या रिन्यूअलला ५० टक्के एकदम शून्यावर येतात आणि परत ५०वर जायला पाच कोरी वर्षं लागतात. दुसऱ्या वर्षी तुमच्या गाडीची आयडीव्ही ६,४०,०००च्या आसपास येईल, त्यावर हाच हिशोब केला तर एनसीबी गेल्याचा फटका जीएसटीसकट सव्वासात हजारांचा बसतो, आणि तोही फक्त पहिल्या वर्षाचा. त्यामुळे सराफ्याच्या पार्किंगमध्ये बंपर घासला, पेंटरने सहा हजार सांगितले, तर क्लेम करू नका. सहातून हजार रुपये सक्तीची वजावट जाते, हाती येतात फार तर पाच, आणि जातात सव्वासात. मुलगा नवशिका आहे तोवर एनसीबी वाचवणारं ॲड-ऑन, म्हणजे थोडे जास्त पैसे भरून मिळणारं जादा संरक्षण, घ्या, ते मी अशा घरांना आग्रहाने सांगते. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं ॲड-ऑन, तेसुद्धा घ्या. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर कंपनी निम्मेच पैसे देते, आणि आजच्या गाडीचा पुढचा भाग म्हणजे बहुतांशी प्लास्टिकच.

मग सासऱ्यांचंच नाव लावावं का? लावावं, असं माझं मत आहे, पण त्यांचं लायसन्स हातात घेऊन तारीख वाचल्याशिवाय नाही. याचं कारण सांगते.

२०२३ सालची गोष्ट. लोकमान्य नगरातले एक काका, वय ७६, गाडी नऊ वर्षांची, एनसीबी ५० टक्के. अन्नपूर्णा रोडवर संध्याकाळी गाय आडवी आली, त्यांनी स्टीअरिंग कापलं आणि गाडी डिव्हायडरवर चढली. कोणाला लागलं नाही. बंपर, हेडलाइट, रेडिएटर, बॉनेट, एस्टिमेट ६८,४००. दुसऱ्या दिवशी गॅरेजात मी त्यांच्यासोबत उभी होते. काकांनी खिशातून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं, आत जपून ठेवलेलं लायसन्स, एकही घडी नाही की डाग नाही. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेयरने ते ट्यूबलाइटखाली धरलं, अंगठ्याने पुसलं आणि हळूच म्हणाला, “काका, हे तर जूनमध्येच संपलंय.” तेव्हा सप्टेंबर चालू होता. अकरा आठवडे झाले होते. काकांनी कार्ड परत घेतलं, चष्मा वर करून तारीख वाचली, पुन्हा वाचली, आणि काही न बोलता ते पाकिटात ठेवलं. चाळीस वर्षांत पहिला क्लेम होता त्यांचा. नऊ दिवसांनी नामंजुरीचं पत्र आलं. पॉलिसी एप्रिलमध्ये मीच रिन्यू करून दिली होती. प्रीमियम घेताना कंपनी लायसन्स विचारत नाही, मीही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्याकडच्या प्रत्येक फाईलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लायसन्सची तारीख लिहिलेली असते, गाडीच्या नंबरच्याही वर.

वयाचा नियम इथे आहे, ताई. २०१९च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेलं लायसन्स माणूस चाळिशीचा होईपर्यंत चालतं, म्हणजे तुमच्या मुलाला एकवीस वर्षं बघायला नको. ३० ते ५०च्या मध्ये काढलेलं दहा वर्षं. ५० ते ५५मध्ये काढलेलं साठीपर्यंत. आणि ५५नंतर एका वेळी फक्त पाच वर्षं. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस ते चालायचं, ती सवलत १ सप्टेंबर २०१९पासून गेली. संपलं त्याच दिवशी संपलं. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो, चाळिशीपुढे डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो, आणि मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा टेस्ट. नामंजुरीवर भांडता येतं, मध्य प्रदेशासाठी विमा लोकपाल भोपाळला बसतात आणि त्यांच्याकडे फी लागत नाही. पण तोवर गाडी गॅरेजात उभी असते आणि सत्तरीतला माणूस स्वतःला दोष देत घरात बसलेला असतो. ते मला पाहवत नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल एक गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि जी घरोघरी माहीत नसते. पॉलिसीत १५ लाखांचा अपघात विमा असतो, तो ‘ओनर-ड्रायव्हर’चा. म्हणजे आरसीवर, गाडीच्या नोंदणीपत्रावर, ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे, त्याचाच. गाडी तुमच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर, चालवतोय मुलगा, आणि त्याच्याच चुकीने गाडी बायपासवर उलटली, तर त्याला त्यातून एक रुपया मिळत नाही. तो मालक नाही, आणि थर्ड पार्टीही नाही. दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, त्याला त्याच गाडीच्या विम्याकडे भरपाई मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. आईबापांना वाटतं, फुल इन्शुरन्स आहे ना. फुल आहे तो गाडीला. मुलाला नाही.

यावर उपाय सोपा आहे. मुलाच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा, आणि तुमच्याही. ती कुठल्याही गाडीला बांधलेली नसते. मित्राच्या बाईकवर मागे बसला, भंवरकुआंला क्लासला जाताना रस्ता ओलांडला, राऊला शाळेत जाताना तुम्ही बसमधून पडलात, तरी चालते. एनसीबीतून जे साडेआठ हजार वाचतायत, त्यातले थोडे इथे घाला. ज्याच्याकडे १५ लाखांची अशी पॉलिसी आधीच आहे, त्याने गाडीच्या पॉलिसीतला ओनर-ड्रायव्हर भाग नाकारला तरी चालतो, पण आपली पॉलिसी नीट वाचल्याशिवाय नाकारू नका.

शेजारपाजारच्या मुलांचं एवढंच सांगते, की लर्निंग लायसन्सवर एकट्याने गाडी चालवली तर ती वैध लायसन्सने चालवलेली ठरत नाही. शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस आणि गाडीवर ‘एल’ दोन्ही हवं. आणि १८च्या आतल्या मुलाच्या हाती गाडी दिली तर कलम १९९-एप्रमाणे पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. लायसन्सच नसताना समोरच्याला इजा झाली, तर कंपनी त्याला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. ‘सासऱ्यांच्या नावावर आहे ना’ म्हणून निश्चिंत राहू नका, वसुली त्याच नावावर येते.

दुसरं, बोलायला अवघड, पण ७४व्या वर्षी बोलायलाच हवं. मालक गेला तर पॉलिसी लगेच मरत नाही. मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने, किंवा पॉलिसी त्याआधी संपत असेल तर तोवर, ती चालू राहते. तेवढ्यात वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म ३१ भरायचा. आणि एनसीबी या एकाच प्रसंगी दुसऱ्याकडे जाऊ शकते: पती-पत्नी, मुलं किंवा आईवडील, ज्याच्याकडे गाडी गेली त्याच्याकडे. सुनेकडे नाही. म्हणजे तुमच्या घरी ती तुमच्या मिस्टरांच्या नावावर जाईल, तेव्हा गाडीही त्यांच्याच नावावर करा. इंदुरात मी अशी कितीतरी घरं पाहिली, जिथे आजोबा जाऊन चार वर्षं झाली आणि पॉलिसी दरवर्षी त्यांच्याच नावाने भरली जाते. ऑनलाइन पैसे कापले जातात, पावती येते, सगळ्यांना वाटतं विमा आहे. गेलेल्या माणसाशी करार होत नाही. क्लेमच्या दिवशीच ते कळतं, आणि तेव्हा हातात मृत्यूचा दाखला असतो, पॉलिसी नसते.

प्रीमियम कमी करायच्या बाकीच्या गोष्टींपैकी तुमच्या घराला एकच लागू पडेल. जुलै २०२२मध्ये इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ‘चालवाल तितकं भरा’ आणि ‘चालवाल तसं भरा’ अशा दोन्ही प्रकारच्या ॲड-ऑनना परवानगी दिली. पहिल्यात वर्षाचे किलोमीटर आधी ठरवून सूट मिळते, दुसऱ्यात फोनवरून किंवा गाडीतल्या उपकरणावरून वेग, ब्रेक, वेळ मोजतात. १९ वर्षांच्या मुलाला ‘तू मुलगा आहेस म्हणून जास्त भर’ म्हणण्यापेक्षा ‘तू कसा चालवतोस ते दाखव’ म्हणणं मला जास्त न्यायाचं वाटतं, आणि म्हणूनच आपल्याकडे स्त्री-पुरुष हिशोब रुजला नाही याचं मला बरं वाटतं. माझ्या ओळखीच्या एका घरात बापलेक दर रविवारी त्या ॲपमधले आकडे शेजारी ठेवून बघतात. मुलाचे आकडे वडिलांपेक्षा चांगले आहेत.

तर तुम्ही आधी सासऱ्यांचं लायसन्स काढून तारीख बघा. सहा-आठ महिन्यांत संपत असेल तर गाडी बुक करायच्या आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका. मग जुन्या गाडीची आरसी घेणाऱ्याच्या नावावर झाली का ते परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघा. मार्चपासून ती सासऱ्यांच्याच नावावर असेल तर त्या गाडीने केलेल्या अपघाताची नोटीस तुमच्या दाराशी येऊ शकते, आणि एनसीबीचं पत्रही अडेल. नाव बदललं असेल तर जुन्या कंपनीकडे बदललेल्या आरसीची प्रत आणि शेवटची पॉलिसी देऊन ते पत्र मागा, त्यावर टक्केवारी आणि विक्रीची तारीख दोन्ही लिहिलेलं असू द्या. शोरूमवाले डिलिव्हरीच्या घाईत ‘एनसीबी नंतर लावू’ म्हणतात. नंतर ते बहुतेक राहूनच जातं. पत्र हातात नसेल तर डिलिव्हरी दोन दिवस पुढे ढकला, मुहूर्त चुकला तरी चालेल.